गिअरबॉक्सवरचा देव

बेळगावात गिअरबॉक्स दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "मालक कुठं आहेत?" आणि मालक मीच आहे असं सांगितलं की दुसरा, "मग मिस्त्री कुठं आहेत?" मिस्त्री आहेत. रुद्राप्पा. वडिलांच्या वेळेपासूनचे. पण तेसुद्धा आलेल्या माणसाला माझ्याकडेच पाठवतात, कारण त्यांना बोलायचा कंटाळा आहे.

आमच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये खानापूरकडच्या भातगिरण्यांचे, उसाच्या चरकांचे आणि काँक्रीट मिक्सरचे गिअरबॉक्स येतात. ही सगळी जमिनीवरची, मातीत बसलेली यंत्रं. बिघडली की बंद पडतात आणि मालक कपाळाला हात लावून चहा मागवतो. यापेक्षा मोठा अपघात नाही. त्यामुळे निपाणीजवळचा बाळाण्णा एका सकाळी पोत्यात गुंडाळलेला गिअरबॉक्स घेऊन आला आणि "ताई, हे उडायचं हाय," म्हणाला, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "कुठं उडतंय? बेल्ट की फ्यूज?"

"न्हाय ताई. वर. आभाळात."

रुद्राप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. ते सहसा ठेवत नाहीत.

बाळाण्णा म्हणजे उसाचा बागायतदार, अंगानं भक्कम, वेल्डिंगचा नाद असलेला. घरच्या जुन्या तंबाखूच्या वखारीत त्यानं जायरोकॉप्टर बांधायला घेतलं होतं. बाहेरगावी जाऊन ते चालवायला रीतसर शिकून आला होता. परवानग्यांची फाईलही होती. ती गिअरबॉक्सपेक्षा जड होती आणि तिच्यात मी लक्ष घातलं नाही. माझं काम गिअरबॉक्स.

जायरोकॉप्टर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही हेलिकॉप्टर समजून वाचाल. याच्या डोक्यावर मोठं पातं असतं, पण उडताना ते इंजिन फिरवत नाही. जत्रेतलं भिरभिरं घेऊन पोरं पळतात तसं ते वाऱ्यानं फिरतं आणि फिरता फिरता वर उचलतं. पळायचं काम मागचा पंखा करतो; तो सगळ्या यंत्राला पुढं ढकलतो. इंजिनाला भराभर फिरायला आवडतं, पंख्याला सावकाश. फार जोरात फिरवला तर तो नुसता किंचाळतो, ढकलत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स. बाकी सगळं म्हणजे नळ्या, चाकं, एक खुर्ची आणि खुर्चीत बसणाऱ्याचा स्वभाव.

स्वभावाचंच काम जास्त निघतं. बाळाण्णाचं ऐकून आणखी दोघे-तिघे आले. बेळगुंदीचा एकजण म्हणाला, "रिव्हर्स टाकून द्या." मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, "पुढं गेल्यावर वाटलं की नको, तर मागं घ्यायला." त्याला मी चहा देऊन परत पाठवलं. आयुष्यात रिव्हर्स असावा असं मलाही बऱ्याचदा वाटतं, पण जमिनीपासून शंभर फुटांवर तो मागणारा हा पहिलाच. दुसऱ्याला रसवंतीचा गिअरबॉक्स बसवायचा होता, कारण तो "घरचाच" होता.

मला याद्या करायची सवय आहे. बाळाण्णालाही दुरुस्त गिअरबॉक्सबरोबर यादी करून दिली. तेल किती, ते कुठून बघायचं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला रबराचा तुकडा कधी बदलायचा, तळाचा चुंबकाचा बोल्ट काढून त्याला काय चिकटलंय ते कसं बघायचं. करडा चिखल असला तर चालतंय. सुईसारखे तुकडे असले तर खुर्चीत बसायचं नाही. सगळ्यात वर ठळक लिहिलं: मी हो म्हणेपर्यंत चाक जमीन सोडणार नाही. बाळाण्णानं यादी कपाळाला लावून खिशात घातली. ती त्यानं वाचावी अशी माझी अपेक्षा होती.

पहिल्याच आठवड्यात फोन आला. गिअरबॉक्स तापतोय. जाऊन बघते तर तेल काठोकाठ.

"बाळाण्णा, काचेवर खूण आहे ना? तिथवरच भरायचं."

"अर्धंच भरायचं? बरं दिसतंय व्हय ताई ते?"

"त्याला काय पाहुणचार करायचाय?"

"आमच्यात अर्धं भांडं कुणाच्या फुडं ठेवत न्हाईत."

जास्त तेल झालं की गिअर ते घुसळत बसतात, फेस होतो, ताप वाढतो. मी जादा तेल काढलं. तेव्हा बाळाण्णाची आक्का दारात उभी होती. ही त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून भावाला हिनंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. रानाचा निम्मा वाटा तिच्या नावावर आणि यंत्र पळवायची सपाट पट्टी नेमकी तिच्या वाट्यात. काढलेलं तेल बघून ती म्हणाली, "उपाशी ठेवून उडवनार व्हय गं त्याला?" मला वाटलं गिअरबॉक्सबद्दल म्हणते. मग लक्षात आलं, तिची नजर भावावर होती.

ऊसतोडणी झालेल्या त्या रानात, यंत्र दोराने खुंट्यांना बांधून, इंजिन चालवून बघायचं ठरलं. बाळाण्णानं गाव बोलावलं. मी पंख्याच्या मागं आणि बाजूला भरपूर अंतर सोडून दोरी बांधली आणि दोरीच्या आत कुणी यायचं नाही म्हणून बजावलं. मंडळी शहाणी. दोरीच्या आत कुणी आलं नाही. मात्र गार वारा येतोय म्हणून डेअरीचे चेअरमन आणि पाच-सहा प्रतिष्ठित बरोबर पंख्याच्या मागं, दोरीला पोट लावून उभे राहिले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

इंजिन छान चाललं. थोड्या वेळानं चेअरमन स्वतःच्या बाहीकडं बघू लागले. मग टोपी काढून तिच्याकडं. गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवतीच्या सीलमधून तेल बाहेर येत होतं आणि पंखा ते सगळ्यांना सारखं वाटत होता. कुणावर अन्याय नाही. इंजिन बंद केलं तेव्हा प्रतिष्ठित मंडळी ज्वारीवर चिकटा रोग पडावा तशी दिसत होती.

"आत्तर हाय काय हे?" चेअरमननी विचारलं. मोठा माणूस. अजून माझ्याशी बोलतात.

बाळाण्णानं गिअरबॉक्स पोत्यात गुंडाळून बेळगावला आणला. सील बदललं, टेबलावर बांधून दिवसभर फिरवला. थेंब नाही. परत नेला, बसवला, दोन दिवसांत पुन्हा गळती. पुन्हा आणला, शाफ्ट तपासला, आणखी चांगलं सील घातलं, फिरवला. कोरडा ठणठणीत. परत नेला की गळतो. माझ्या यादीतली सगळी कारणं खोडून झाली. रुद्राप्पांनी त्यांचं कारण सांगितलं. त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालतं.

"मॅडम, बेळगावात बरं ऱ्हातंय, तिकडं गेलं की आजारी. पाणी बदललं बघा."

"त्याच्यात पाणी नाही हो, तेल आहे."

"मग हवा बदलली."

निपाणीकडं वेगळं निदान झालं होतं: नजर. एवढी माणसं बघून गेल्यावर दुसरं काय होणार? बाळाण्णा फोनवर म्हणाला, "आक्का रोज करतीया काय ते. तुम्ही काळजी करू नका." काय ते म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. लिंबू-मिरची असेल असं धरलं आणि "पंख्याजवळ काही टांगू नका" एवढंच सांगितलं.

तिसऱ्यांदा गळल्यावर मी न सांगता, सकाळी लवकर निपाणीची बस धरली.

वखारीचं दार उघडं होतं. आत घंटी वाजत होती. आक्का अंघोळ करून, पदर खोचून, ताट घेऊन यंत्राच्या मागं उभी होती. गिअरबॉक्सच्या वर मध्यभागी बोटभर उंचीचं, गोल टोपीचं एक टोक असतं. त्या टोकाला ती बोटानं शेंदूर फासत होती. तेलात कालवलेला, दाट, रोजच्या थरावर आजचा थर. टोक आता लिंबाएवढं झालं होतं. समोर खोबऱ्याचा तुकडा आणि दोन झेंडूची फुलं.

त्या टोकाला आम्ही ब्रीदर म्हणतो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला त्या टोपीखाली बारीक भोक असतं. भोक बुजलं की हवा दुसरी वाट शोधते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे शाफ्टचं सील. जाताना ती तेल बरोबर घेऊन जाते. म्हणजे जितकी गळती, तितकी नजर. जितकी नजर, तितका शेंदूर. जितका शेंदूर, तितकी गळती. आणि माझ्या शेडचा कडक नियम असा की आत येईल ती वस्तू आधी डिझेलनं धुवायची. रुद्राप्पा प्रत्येक वेळी देव धुऊन टाकत होते आणि ब्रीदर मोकळा होऊन टेबलावर शहाण्यासारखा वागत होता. धुण्याच्या ट्रेमध्ये तांबडं दिसायचं. आम्ही त्याला रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला गंजू नये म्हणून लावतात तो रंग, समजलो.

माझा खरा प्रश्न आता सुरू झाला. आक्काला सांगायचं कसं? ती दुखावली तर रान बंद. रान बंद झालं तर बाळाण्णा हायवेवर जाईल, तो त्या स्वभावाचा आहे. आणि ती हे कशासाठी करत होती ते दिसतच होतं.

"आक्का, हा देव कधीपासून?"

"पयल्या दिवसापास्नं. एवढ्या नळ्याबोल्टांत ह्योच येकटा सरळ उभा हाय बघ. बाकी समदे आडवेतिडवे."

"देव खरा आहे आक्का. पण ह्याला श्वास घ्यावा लागतो." मी रुमालानं थर पुसला आणि टोपीखालचं भोक दाखवलं. "इथून."

आक्का वाकून बघत राहिली. मग तिनं शेंदराचं बोट तसंच तोंडावर ठेवलं.

"आगं माझे बाई! म्हंजे रोज नाकात शेंदूर घालत हुते की गं मी त्येच्या! म्हनून वकत होतं व्हय ते!"

"तसंच काहीसं."

"मग आधी सांगायचं न्हाय? तू शिकल्याली, यंत्रं बघनारी. आमाला काय म्हाईत देवाला नाक कुठं असतंय?"

आक्कानं पदरानं ब्रीदर स्वच्छ पुसला, त्याची माफी मागितली आणि माझ्याकडं वळली. "बरं, आता श्वास न घेनारा देव दाव. शेंदराबिगर मी त्येला उडू द्यायची न्हाय."

मागणी वाजवी होती. गिअरबॉक्स इंजिनाला ज्या नटांनी जखडलेला असतो, त्यातला एक वरच्या बाजूला सहज दिसतो. त्या जागी मी पोलादी, गोल टोपीचा नट बसवायचं ठरवलं. पक्का, भरीव, नाक नाही. पुढच्या खेपेला तो घेऊन रुद्राप्पांना बरोबर नेलं. जुना नट काढला, जागा पुसली आणि तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन नवा नट बसवला, आवळला. आक्कानं त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. रुद्राप्पा हात जोडून म्हणाले, "आता बरोबर जागेवर बसला." गळती थांबली. इंजिन चालवून झालं, यंत्र जमिनीवर पळवून झालं, बाळाण्णा पट्टीवरून इकडून तिकडं धूळ उडवत हिंडला. मी यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा केल्या आणि हो म्हटलं.

उड्डाणाच्या दिवशी पुन्हा गाव. कढईत भजी. मंडप. चेअरमन या वेळी रंगीत शर्ट घालून आले होते आणि पुढच्या बाजूला उभे होते. बेत साधा: सरळ जायचं, माणसाच्या डोक्याएवढं उठायचं, सरळ उतरायचं. वळायचं नाही. उगाच उत्साहात कोगनोळीपलीकडं गेला तर टेकऑफ कर्नाटकात आणि लँडिंग महाराष्ट्रात. आधीच आपल्याकडं कमी वाद आहेत काय! बाळाण्णा हेल्मेट घालून खुर्चीत पट्टा आवळून बसला. आक्का ताट घेऊन मागं गेली आणि मागूनच ओरडली.

"देव तडकलाय! उडायचं न्हाय!"

बाळाण्णानं मान न वळवता उत्तर दिलं. "आगं आक्के, शेंदूर वाळला की तडा जातोयच. लाव नवा आन् सर बाजूला."

लोक हसले. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. माझी यादी पूर्ण होती. तरी आक्काचं समाधान करावं म्हणून मी वाकून बघितलं, आणि हसू गेलं.

वाळलेल्या शेंदराला चिखलासारख्या वेड्यावाकड्या भेगा पडतात. ही भेग तशी नव्हती. नट जिथं बसतो तिथं बुडाशी गोल फिरली होती आणि तिच्या वरचा शेंदूर खालच्या शेंदरापासून थोडा सरकला होता. आमच्या धंद्यात नट आवळला की त्याच्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ मारतात. नट फिरला की रेघ तुटते, लांबून कळतं. बाकीच्या नटांवर माझ्या पिवळ्या रेघा होत्या, शाबूत. ह्या एकावर मी मारली नव्हती, कारण तिथं देव होता. पाना लावला. जोर न लावताच फिरला.

नट काढला. खालच्या वॉशरला तांबडा थर चिकटून आला.

"हे खाली कुणी लावलं?"

"मीच," आक्का म्हणाली. "तुमी च्या पीत होता तवा. देव बशिवताना बैठक कोरडी ठेवत्यात व्हय कुटं?"

घट्ट नटाखाली रंगाचा थर राहिला की तो तापून मऊ होतो, दबतो, बाहेर सरकतो आणि नटाची पकड जाते. एक नट सुटला की त्याचा भार बाकीच्यांवर. मग गिअरबॉक्स हलतो, त्याच्याबरोबर पंखा हलतो, आणि पंख्यामागं दोन हातांवर दिशा सांभाळणारं शेपूट असतं. हे सगळं जमिनीवर झालं तर दुरुस्ती. वर झालं तर... मी यादीत याच्यापुढं काही लिहीत नाही.

रुद्राप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. "लावलं पण त्यांनीच, सांगितलं पण त्यांनीच. आपण दोघं कशाला आलो मॅडम?"

मी पुढं जाऊन बाळाण्णाला म्हटलं, "आज नाही."

"ताई, मंडप घातलाय. गाव आलंय. एक नट तर हाय, आवळा की!"

"तो उघडून, साफ करून, सगळे परत बघून, पुन्हा जमिनीवर पळवून. आज नाही."

"मी उतरत न्हाय."

आणि खरंच उतरेना. पट्टा आवळलेला, हात दांड्यावर, हेल्मेटची काच खाली. चेअरमननी समजावलं. रुद्राप्पांनी कानडीत समजावलं. काचेच्या आत काही पोचत नव्हतं. नट माझ्या मुठीत होता, पण गडी इंजिन चालू करायला कमी करणार नाही अशी मला धास्ती. एवढ्यात आक्का ताट घेऊन पुढं आली आणि पुढच्या चाकासमोर, ढेकळांत, मांडी घालून बसली. ताट मांडीवर.

"ऊठ आक्के. लोकं हसायल्यात."

"हसू देत की. रडन्यापरीस बरं."

बाळाण्णानं काच वर केली. थोडा वेळ दोघं एकमेकांकडं बघत बसले, तो खुर्चीत, ती मातीत. मग त्यानं पट्टा सोडला.

"उतरतो. पन भज्यांचं काय करायचं?"

"खायची," आक्का म्हणाली. "मानसं काय तुला बघाय आलीत व्हय?"

सगळे नट काढले, बैठका घासून धातू दिसेपर्यंत साफ केल्या, नवे वॉशर घातले. नट बसवताना आक्काला माझ्याशेजारी उभं केलं आणि चहा नको म्हणून सांगितलं. आवळून झाल्यावर तिनं शेंदूर लावला: वरून, पातळ, एकाच बाजूनं, माझ्या रेघेसारखा. हे तिनं स्वतः ठरवलं. पुन्हा जमिनीवर पळवलं, पुन्हा तपासलं. नंतर एका शांत सकाळी, मंडप नाही, भजी नाही, चेअरमन नाहीत, आम्ही चौघंच रानात होतो तेव्हा बाळाण्णा उडाला.

तो कसा उडाला ते मला सांगता येणार नाही. गिअरबॉक्सवर पहिल्यांदा भार पडतो तेव्हा त्याचा आवाज ऐकायचा असतो, आणि डोळे उघडे असले की मला नीट ऐकू येत नाही. मी बांधावर डोळे मिटून बसले होते. चाकांचा खडखडाट एकाएकी बंद झाला आणि नुसता गिअरचा एकसुरी घूंऽ राहिला. एवढंच मला ठाऊक. उभ्या जन्मात माझं एकच काम जमीन सोडून वर गेलं आणि ते मी बघितलं नाही. रुद्राप्पा सांगतात, माणसाच्या डोक्याएवढं नाही, नारळाच्या निम्म्या झाडाएवढं गेलं होतं. रुद्राप्पा वाढवून सांगत नाहीत, पण त्या दिवशी त्यांचेही डोळे ओले होते, त्यामुळं मापाची खात्री नाही.

चाकं परत खडखडली. यंत्र पट्टीच्या टोकाला धूळ उडवून थांबलं, इंजिन बंद झालं, पंखा थांबला. बाळाण्णा हेल्मेट काढून, दोन्ही हात पसरून, आक्का धावत येऊन गळ्यात पडेल म्हणून हसत उभा राहिला. आक्का धावत आली. त्याच्या बाजूनं सरळ मागं गेली. पदराचं टोक बोटांना गुंडाळून तिनं तो तापलेला नट चिमटीत धरला आणि दात आवळून पिरगाळून बघितला. शेंदराची रेघ डोळे बारीक करून वरून खालपर्यंत तपासली.

"घट्ट हाय," ती मला म्हणाली. मग वळली आणि भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"चल आता. मोटर चालू कर जा, उसाला पानी द्यायचं हाय."